मधूभाऊंनी वूफर मुरवला

देवानं माणसाला कान ऐकण्यासाठी दिलेत, ही मधूभाऊ नंदनवारांच्या मते एक अफवा होती. "आवाज बुडानं आयकाचा असते गा, मास्तर," ते मला सांगायचे. "कानाले फसवता येते. बुडाले नाई येत." हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा माझ्या आईसमोर टाकलं, तेव्हा ती त्यांच्या हातात पोह्यांची बशी देत होती. तिनं बशी दिली, आत गेली आणि ते उठून जाईपर्यंत बाहेर आली नाही.

आमची जुनी सोसायटी नागपूरच्या मानेवाडा भागातली. मधूभाऊंचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. ते एका सरकारी खात्यात कारकून होते, पण ते सांगण्यापुरतं. खरा धंदा म्हणजे जगातल्या प्रत्येक थरथरणाऱ्या वस्तूवर हात ठेवून पाहणं. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी फ्रिजवर तळवा टेकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हा रडून राहिला." उन्हाळ्यात कूलरवर हात ठेवून "बेअरिंग गेली" असं जाहीर करायचे. निम्म्या वेळा बेअरिंग धड असायची आणि मधूभाऊंनी कूलर खोलून जोडल्यावर जायची. तरी लोक त्यांना बोलवायचे, कारण ते येताना कोथिंबिरीची गरम सांबारवडी घेऊन यायचे आणि कूलर बिघडवल्यावर नवा बसेपर्यंत आपला टेबलफॅन ठेवून जायचे.

मूळचे ते कामठीचे. घराच्या पुढच्या अर्ध्यात पॉवरलूम, मागच्या अर्ध्यात माणसं. लहानपणी ही भावंडं मागांच्या खडखडाटात गाढ झोपायची, आणि लाइन गेली की शांततेनं दचकून उठायची. मधूभाऊंच्या आईला कुणी विचारलं, पोरं झोपली का, तर ती म्हणायची, "लाइन हाय ना, झोपले."

वडिलांना सगळी सोसायटी बाबुजी म्हणायची. त्यांनी जन्मभर माग चालवले आणि म्हातारपणी त्यांना काही म्हणता काही ऐकू येईना. मधूभाऊंची आई गेल्यावर मधूभाऊंनी त्यांना नागपूरला आणलं. कानाचं मशीन घेऊन दिलं. बाबुजींनी ते पहिल्याच दिवशी कवळीच्या पेल्यात, पाण्यात बुडवून ठेवलं. "दोनीबी माहेच होय. एका जागी राहू दे," असं त्यांचं म्हणणं. दुसरं मशीन आलं, ते त्यांनी कानातून काढून मधूभाऊंच्या अंगावर फेकलं. "शिट्टी वाजवते थे. मी काय कुत्रा हाय का बे?"

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं, ते हसण्यासारखं होतं आणि नव्हतंही. कुंदावहिनी, म्हणजे मधूभाऊंची बायको, सासऱ्याला "पोळी वाढू का" असं विचारायची आणि ते अख्ख्या सोसायटीला कळायचं. ओरडून विचारलेलं काहीही भांडणासारखंच वाटतं. बाबुजींना शब्द ऐकू यायचे नाहीत, पण ताणलेल्या शिरा आणि वासलेलं तोंड दिसायचं. ते उलट ओरडायचे. मग ते ओरडेनासे झाले, बोलेनासे झाले. व्हरांड्यात खुर्ची टाकून, रस्त्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. एका सकाळी पिशवीत दोन धोतरं कोंबून ते एकटेच कामठीची बस पकडायला निघाले. मागून आलेल्या ऑटोचा हॉर्न ऐकू आला नाही. गुडघा चांगलाच फुटला. मधूभाऊ त्यांना उचलून घरी घेऊन आले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मध्या, मले कामठीले नेऊन टाक. अठी मी मेल्यावानी हावो."

मधूभाऊ त्या दिवशी ऑफिसला गेले नाहीत. आमच्या पायरीवर बसून राहिले. कुणाच्याच फ्रिजला हात लावला नाही.

वूफरची कल्पना त्यांना एका वरातीनं दिली. आमच्या गल्लीतून लग्नाची वरात चालली होती, मागे डीजेची गाडी. खिडक्या थरथरत होत्या, कुत्री पळत होती, आमचे सेक्रेटरी दाणीसाहेब कानात बोटं घालून गॅलरीत उभे होते. आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाबुजींनी हळूच मान वळवली. आधी त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला, मग छातीवर. "कोनाचं लगन हाय बे?" त्यांनी विचारलं. किती तरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

"देखलं का, मास्तर?" मधूभाऊंनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला. "बुडानं आयकलं त्यायनं!"

घरात डीजे आणायचा त्यांचा पहिला बेत होता. कुंदावहिनी म्हणाली, "डीजे आत आला का मी बाहेर." मग गाडी ठरली. त्यांची जुनी पांढरी गाडी चुलतभावाकडून आलेली. मागच्या काचेवर त्या भावानं 'आईचा आशीर्वाद' असं चिकटवलं होतं. त्यातला 'आ' गळून पडला होता आणि मधूभाऊ 'ईचा आशीर्वाद' घेऊन गावभर फिरायचे.

एका रविवारी ते वूफर, त्याचं लाकडी खोकं आणि अॅम्प्लिफायर घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, बसवून देतो. पण मधूभाऊंना ते अपमानास्पद वाटलं. "प्लस कुठी अन् मायनस कुठी एवढं समजते मले," असं म्हणून त्यांनी दिवाळीच्या माळांची उरलेली वायर बॅटरीला जोडली. इंजिनाशेजारून, पत्र्याच्या एका भोकातून आत ओढली आणि डिक्कीपर्यंत नेली. फ्यूज लावायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं. पण फ्यूज उडाला की पुन्हा बदलावा लागतो, त्यापेक्षा तो नसलेलाच बरा, असा त्यांचा विचार होता.

पत्र्याच्या कडेनं वायर सोलली गेली. बॉनेटमधून आधी वास आला, मग धूर. दाणीसाहेबांनी गॅलरीतून तो पाहिला आणि वयाला न शोभणाऱ्या वेगानं बादली घेऊन खाली आले.

"पानी नोका टाकू!" मधूभाऊ ओरडले आणि हात पसरून इंजिनासमोर उभे राहिले. दाणीसाहेब तोवर बादली ओतून मोकळे झाले होते. इंजिन कोरडं राहिलं. मधूभाऊ नखशिखांत भिजले, आणि तशाच अवस्थेत त्यांनी पान्यानं बॅटरीची तार सोडवली. दाणीसाहेब म्हणाले, "नंदनवार, ही सोसायटी आहे, प्रयोगशाळा नाही." मधूभाऊ म्हणाले, "बादली कोनाची होय? भरून ठेवा, अजून काम बाकी हाय."

ते काम शेवटी सदर बाजारातल्या अश्फाकभाईंनी केलं. अश्फाकभाई गाड्यांत म्युझिक बसवणारा माणूस, तोंडात कायम लवंग. त्यांनी ती दिवाळीची वायर दोन बोटांत उचलली आणि विचारलं, "भैया, ये तार है के धागा?"

"आमी धाग्यावालेच लोक हावो," मधूभाऊ म्हणाले.

अश्फाकभाईंनी अंगठ्याएवढी जाड लाल वायर थेट बॅटरीतून काढली आणि बॅटरीला लागूनच फ्यूज बसवला, म्हणजे पुढे कुठंही वायर सोलली तरी आधी फ्यूज जाईल, गाडी नाही. डिक्कीतल्या पत्र्याचा रंग खरवडून उघड्या लोखंडाला अर्थिंग दिलं. मग अॅम्प्लिफायरवरची सगळी बटणं पार खाली आणली आणि मधूभाऊंना बजावलं, "नया माल है, कडक है. पंधरा दिन हल्का बजाओ. भजन, बातमी, गाना, सब बजाओ. खुल जाएगा. पहले दिन फुल किया तो फट जाएगा, फिर मेरे पास रोने नहीं आने का."

मधूभाऊंनी हे एखाद्या व्रतासारखं घेतलं. "लोनच्यावानी हाय हे," ते सगळ्यांना सांगत सुटले. "मुरू द्या लागते." आवाजाच्या बटणावर कुठवर जायचं, त्या जागी त्यांनी कुंदावहिनीची एक टिकली चिकटवली. टिकलीच्या पुढं बटण न्यायचं नाही. ऑफिसला जाता-येता गाडीत अभंग, शेतीचे सल्ले, हळदीची गाणी, बातम्या असं काय वाट्टेल ते लावायचे. बातम्यांना वूफर गप्प बसायचा, पण निवेदक खोकला की मागून 'धुप्' असा हुंकार द्यायचा, आणि मधूभाऊ खूश व्हायचे. संध्याकाळी घरी आले की गाडी चालू ठेवून डिक्कीच्या झाकणावर बसायचे आणि डोळे मिटून कालच्यापेक्षा किती मऊ झालाय ते तपासायचे. कशानं तपासायचे ते सांगायला नको.

एकदा कुंदावहिनी भाजी घेऊन येत होती. ती थांबली, आणि माझ्यादेखत म्हणाली, "माह्या लग्नात मले कोनी पंधरा दिवस मुरू नाई देल्लं. दुसऱ्या दिवशी पन्नास मानसाच्या पोळ्या लाटाले लावल्या तुमच्या घरच्यायनं."

"म्हनून तं आवाज असा फाटका हाय तुहा," मधूभाऊ म्हणाले. त्या रात्री ते आमच्याकडे जेवले.

मी मास्तर असल्यामुळे मला राहवलं नाही. सदरला गेलो होतो तेव्हा अश्फाकभाईंना विचारलं, खरंच असं मुरवावं लागतं का? ते लवंग इकडून तिकडे फिरवत म्हणाले, "थोडा-बहुत फरक पडता है, मास्टरजी. लेकिन लोग पहलेच दिन फुल करके फाड देते, इसलिए बोलना पडता." मी हे मधूभाऊंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाभाऱ्यात चपला घालून शिरलो होतो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते गरजेपोटी. बाबुजींच्या गुडघ्याचं ड्रेसिंग करायला डॉक्टरकडे जायचं होतं आणि त्यांना गाडीत बसवायला दुसरा माणूस हवा होता.

बाबुजी पुढे बसले, मी मागे, मांडीवर एक्स-रेचं पाकीट. मधूभाऊंनी सवयीनं काहीतरी लावलं होतं, टिकलीच्या बरंच अलीकडे. मला ढोलकाचा मंद ठोका पाठीत जाणवत होता. चौकात सिग्नलला गाडी थांबली. इंजिनाची घरघर कमी झाली तसं बाबुजींनी पायाखाली पाहिलं, मग दरवाजाला हात लावला, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मध्या, गाडी बिघडली तुही. मांगून कायतरी ठोकून राहिलं."

सिग्नल हिरवा झाला. मधूभाऊंनी गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न वाजवू लागले, एक जण उतरून काचेवर बुक्के मारू लागला. मधूभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकवून खिदळत होते, आणि बाहीनं नाक पुसत होते. बाबुजी काचेवर मारणाऱ्याला पाहून म्हणाले, "देख, त्यालेबी समजलं बिघडली म्हनून."

टिकली काढायचा दिवस रविवारचा ठरला, आणि जागा काटोल रोड, कारण तिथं सेक्रेटरी नव्हते. कुंदावहिनीनं मला सोबत पाठवलं. "या दोगायपैकी एकाले तरी धड घरी आना," ती म्हणाली. वूफर डिक्कीत, म्हणून बाबुजींना मागे बसवलं. "मांगं काहून बसवतं? मी काय साहेब हावो?" अशी त्यांची कुरकुर गाव सुटेपर्यंत चालली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाबुजी तरुणपणी खडी गंमतीत ढोलकी वाजवायचे. खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा उभ्याउभ्या होणारा खेळ. ढोलकी, डफ, तिखट जिभेचा शाहीर आणि साडी नेसलेला नाच्या. बायका लांब बसून तोंडाला पदर लावून ऐकणार आणि पुरुषांपेक्षा जास्त हसणार, असा प्रकार. कामठीच्या पलीकडच्या एका गावात अजून एक फड होता. त्यांच्या खेळाचं रेकॉर्डिंग मधूभाऊंनी कुणाकडून तरी मोबाईलवर मागवलं होतं.

संत्र्यांच्या बागा लागल्या तशी त्यांनी गाडी एका कडुनिंबाखाली लावली. टिकली नखानं काढली, डॅशबोर्डवर चिकटवली आणि बटण फिरवलं.

माझा चष्मा नाकावरून घसरला. समोरचा कप्पा आपोआप उघडला आणि त्यातले कागद माझ्या मांडीवर आले. मी मागे पाहिलं. बाबुजी ताठ बसले होते. त्यांचा एक तळवा सीटवर होता, दुसरा दारावर. मग दारावरचा हात त्यांनी आपल्या पोटावर आणला. चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी ओळखीचं दारात आलंय पण नाव आठवत नाही. मधूभाऊ आरशातून बघत होते.

"बंद कर!" बाबुजी एकाएकी ओरडले.

मधूभाऊंनी झटकन बटण बंद केलं. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या छातीत काही झालं. मी दार उघडून खाली उतरलोसुद्धा.

"हा कोन भैताड वाजवून राहिला?" बाबुजी लाल झाले होते. "ताल सोडून पयून राहिला थो! संडासची घाई झाली का त्याले?"

मधूभाऊंनी पुन्हा लावलं. बाबुजींनी पुढच्या सीटच्या पाठीवर बोटं ठेवली आणि तालाबरोबर आपटू लागले. एका जागी त्यांचा हात थांबला, ढोलकी पुढं गेली. "हे! अठी! गेला पयून!" पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच. मी नीट कान देऊन ऐकलं, मला काहीच कळलं नाही. मधूभाऊंनाही कळलं नसावं, पण ते जोरजोरात मान हलवत होते.

"कुठचा हाय हा? चाल, दाखव मले," बाबुजी म्हणाले.

काटोल रोड नागपूरच्या एका टोकाला, कामठी दुसऱ्या. आम्ही अख्खं शहर ओलांडून गेलो, आणि सगळी वाट तेच एक गाणं वाजत होतं. पेट्रोल पंपावर, फाटकाशी, देवळापुढून जाताना. मी उशीर होईल म्हणून घरी फोन केला, पण आईला माझं आणि मला आईचं एक अक्षर ऐकू आलं नाही.

ढोलकीवाला सुखदेव हा चांगला पन्नाशीचा, पोट सुटलेला गडी. ओसरीवर जेवायला बसला होता. बाबुजी लंगडत आत गेले आणि रामराम न करता म्हणाले, "घास ठेव. ढोलकी आन."

"हे म्हातारं कोन होय?" सुखदेवनं मधूभाऊंना विचारलं. मधूभाऊंनी थोडक्यात सांगितलं. सुखदेव हसला. "बहिऱ्याले काय समजते ताल?"

मधूभाऊंनी बाह्या सरसावल्या. त्यांना मारामारीचा काहीच अनुभव नव्हता, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. पण ज्याचा अपमान झाला, त्याला तो ऐकूच आला नव्हता. बाबुजींनी खुंटीवरची ढोलकी स्वतःच काढली, सुखदेवच्या मांडीत ठेवली आणि म्हणाले, "वाजव."

गावचे लोक जमायला लागले होते. सुखदेवला नाही म्हणता येईना. त्यानं हात धुतले आणि वाजवायला घेतलं. बाबुजींनी एक तळवा ढोलकीच्या पोटाला लावला आणि दुसरा सुखदेवच्या खांद्यावर. जिथं तो घाई करी, तिथं खांद्यावर चापट बसे. पहिल्या चापटीला सुखदेव तापला, दुसरीला थांबला, तिसरीनंतर त्यानं स्वतःहून पुन्हा सुरुवात केली. हळूहळू चापटी कमी झाल्या. मग बाबुजींनी खांद्यावरचा हात काढून घेतला, नुसता ढोलकीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"मान्य हाय, बुवा," सुखदेव घाम पुसत म्हणाला. "घाई होते माही. बायकोबी तेच म्हनते."

ओसरी हसून कोसळली. सुखदेवची बायको आतून म्हणाली, "कवा म्हनलं मी?" आणि पुन्हा सगळे हसले. बाबुजींनी विचारलं, काय झालं, काय म्हणाला? मधूभाऊंनी ते हातवारे करून समजावलं. कसे हातवारे ते मी इथं लिहीत नाही, मी शाळेत शिकवतो. बाबुजी इतके हसले की त्यांची कवळी सुटली.

त्यानंतर रविवारी बाबुजी घरी नसायचेच. मधूभाऊ त्यांना सुखदेवकडे सोडायचे, संध्याकाळी आणायचे. इतर दिवशी बापलेक उभ्या गाडीत बसायचे, बाप मागे, मुलगा पुढे. कुंदावहिनी चहा गाडीतच आणून द्यायची. मध्येच बाबुजी मधूभाऊंच्या खांद्यावर हात मारून म्हणायचे, "हे देख, हे बराबर हाय." व्हरांड्यातली खुर्ची कुंदावहिनीनं कपडे वाळत घालायला घेतली. दाणीसाहेबांनी सोसायटीची बैठक बोलावली. त्यांच्या फळीवरच्या बरण्या सरकत सरकत कडेला येतात, अशी तक्रार होती. मधूभाऊ म्हणाले, "बरन्या खाली ठेवा. माहा बाप जमिनीच्या वर्ती हाय तवरक हे चालन." दाणीसाहेबांनी बरण्या खाली ठेवल्या.

बाबुजी दोन वर्षांनी हिवाळ्यात गेले. तापाचं निमित्त झालं, फार त्रास झाला नाही. तेरवीला सुखदेवचा फड आला होता, वाजवायची इच्छा सगळ्यांना होती आणि धीर कुणालाच नव्हता. गाडी मग कित्येक महिने तिथंच उभी राहिली. बॅटरी उतरली, टायर बसले, काचेवर धूळ साचली. मधूभाऊ तिच्या बाजूनं जायचे आणि तिच्याकडे पाहायचे नाहीत. माझ्याकडे आले तरी हात खिशात. फ्रिज रडला काय आणि हसला काय. निवृत्त झाल्यावर घर विकून ते कामठीला परत गेले. गाडी नेण्यासाठी मेकॅनिक बोलावला होता, धक्का द्यायला मी आणि दाणीसाहेब होतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कामठीकडे जाताना, रेल्वे फाटकाशी. दुपारची वेळ, फाटक पडलेलं. माझी स्कूटर रांगेत उभी होती आणि तिचे आरसे थरथरू लागले. समोर ती पांढरी गाडी. मागच्या सीटवर तीन म्हातारे खेटून बसले होते. तिघंही जुने मागवाले असणार, कारण तिघं एकाच वेळी एकमेकांवर ओरडत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. मी पुढं जाऊन खिडकीशी वाकलो.

"मास्तर!" मधूभाऊ ओरडले. "हे तिघं बुडानं आयकून म्हनतेत, सुखदेव सुदरला. म्या म्हनलं, चाला, तोंडावर सांगा त्याले. खूश होईन."

मी काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावून मान हलवली आणि हसले. फाटक वर गेलं. गाड्या सुटल्या. मागच्यांपैकी मधला म्हातारा पुढं वाकला आणि त्यानं मधूभाऊंच्या टकलावर दोन्ही हातांनी ठेका धरला. मधूभाऊंनी मान ताठ केली आणि तो ठेका हलू नये अशा बेतानं, खड्डे चुकवत, रूळ ओलांडले.